नव्वदचं भिंग

प्रिय धाकटे,

कॅमेरा घेतला. ही बातमी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढची पानं वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. तू म्हणालीस तसाच घेतला: वापरलेला, डिजिटल, पण अण्णांची जुनी भिंगं ज्याला बसतील असा. त्यासाठी मला तीन दुकानांचे जिने चढावे लागले. पहिल्या दोन दुकानदारांचा मी पाणउतारा केला आणि तिसऱ्या दुकानात माझा झाला. तो कसा झाला तेही सांगणार आहे, पण माझ्या चालीने. घाईघाईत बोलून मी आयुष्यात काय काय करून ठेवलं आहे, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? म्हणूनच फोन केला नाही. फोनवर तू नुसती 'हं, हं' करतेस आणि मी बोलत सुटते. कागदावर निदान खोडता तरी येतं.

तुझा निरोप मी चार वेळा वाचला. 'ताई, गेल्या महिन्यात मी नोकरीतून सुटले. आता जरा स्वतःसाठी फोटो काढावेत असं मनात आहे. अण्णांची भिंगं तुझ्या कपाटात आहेत, त्यांना चालेल असा एखादा जुना डिजिटल कॅमेरा बघशील का? तुला त्यातलं कळतं. पस्तीसचं आणि पन्नासचं पाठव. नव्वदचं राहू दे तुझ्याकडेच. लांबचं मला कधी जमलं नाही, तुला माहीतच आहे.' बस्स, एवढंच. दुसऱ्या कोणाला हे आकडे बसचे नंबर वाटतील. आपण दोघी पाढ्यांच्या आधी हे शिकलो: पस्तीसच्या भिंगात अख्खी खोली मावते, पन्नासचं डोळ्याला दिसतं तसं दाखवतं, आणि नव्वदचं नदीपलीकडच्या माणसाला अलीकडे आणून उभं करतं. चाळीस वर्षांत तू माझ्याकडे काही मागितलंस ते हे पहिलं. कोणाच्या लग्नात भेटलो की तू माझ्या रक्तदाबाची चौकशी करतेस, मी तुझ्या गुडघ्यांची करते, आणि दोघी आपापल्या घरी जातो. भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडण मिटवता येतं. तुझ्या निरोपाची ती शेवटची ओळ चारही वेळा मला अडखळवून गेली. तिच्याकडे येतेच.

पहिल्या दुकानात टाय लावलेला एक गृहस्थ होता. मी तोंड उघडायच्या आत त्याने मला 'आजी' केलं आणि पावशेर वजनाच्या बाईच्या हातात दोन शेरांचा कॅमेरा ठेवला. त्यात आरसा होता. मी म्हटलं, अहो, आमच्या वडिलांची भिंगं बिनआरशाच्या कॅमेऱ्याची आहेत, ती फिल्मला अगदी खेटून बसायची. मध्ये आरसा आला की भिंग पुढे सरकणार, आणि पुढे सरकलं की लांबचं दिसणं बंद. बिनआरशाचा दाखवा. तर म्हणतो कसा, 'आजी, ती भिंगं द्या कोणाला तरी शोभेला ठेवायला. हे घ्या, बोट ठेवलं की आपोआप फोकस. हाताने कडी फिरवत बसायचं म्हणजे तुमच्या डोळ्यांना किती त्रास!' मी सांगितलं, बत्तीस वर्षं मी सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. माझ्या डोळ्यांचा त्रास मला कधीच झाला नाही, इतरांना झाला. बाहेर पडताना मला फार बरं वाटलं. हे माझं जुनंच दुखणं आहे, कोणाला तरी एक टोला हाणला की दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या दुकानात बिनआरशाचा होता, आणि दिसायला नवाकोरा. दुकानदार शपथेवर सांगत होता की एका डॉक्टरांनी तो फक्त रविवारी वापरला. मी म्हटलं, शटर किती वेळा पडलं आहे ते दाखवा. या डिजिटल कॅमेऱ्यांच्या पोटात तो आकडा लिहिलेला असतो, कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने तो कसा काढायचा ते मला शिकवून ठेवलं होतं. निघाला एक लाख ऐंशी हजार. 'रविवारी रविवारी एक लाख ऐंशी हजार? मग हे डॉक्टर सोमवारी पेशंट काय डोळे मिटून तपासायचे?' असं विचारलं तेव्हा दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. नंतर मी पांढऱ्या कागदाचा एक फोटो काढायला लावला. त्यावर काळे ठिपके असे उठले, जणू कागदाला गोवर झाला आहे. आत धूळ. परत दिला. तुझ्यासाठी घ्यायचा होता ना, मग डागी माल कसा चालेल? डाग शोधण्यात माझा हात कोण धरणार? कारखान्यात मला मागून 'नापास बाई' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि, लाज वाटते सांगायला, मला ते आवडायचं.

तिसरं दुकान वह्या-पेनांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. पाटीसुद्धा धड नाही. आत पन्नाशीच्या एक बाई, चष्मा कपाळावर, आणि समोरचं टेबल बघून मी दारातच थबकले. हिरवं कापड, त्यावर दिव्याची मान वाकवलेली, बारीक स्क्रू ठेवायला औषधाच्या गोळ्यांच्या डब्या. अगदी अण्णांचं दुरुस्तीचं टेबल. त्या जुने कॅमेरे विकतात आणि दुरुस्तही करतात. त्यांनी मला आजी केलं नाही. विचारलं, 'वापरणार कोण?' मी म्हटलं, माझी धाकटी बहीण. 'डोळे कसे आहेत त्यांचे?' या प्रश्नाला मी पटकन म्हटलं, उत्तम, तिच्यासारखे डोळे आमच्या घरात कोणाला नव्हते. बोलून गेल्यावर मला कळलं की हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलले, आणि तेही एका परक्या बाईपाशी.

त्यांनी जे निवडून दिलं ते तुला पटेल. आतला सेन्सर जुन्या फिल्मच्या फ्रेमएवढाच आहे, त्यामुळे पस्तीसचं भिंग पस्तीसचंच राहील. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत कडा कापल्या जातात आणि खोली मावेनाशी होते. डोळ्याला लावायची खिडकी मोठी आहे. एक बटण दाबलं की मधला भाग दहापट मोठा दिसतो, आणि जे स्पष्ट असेल त्याच्या कडा लाल रंगात उजळतात. कडी सावकाश फिरवायची, लाल रेघा जिथे गोळा होतील तिथे थांबायचं. आपण त्या जुन्या कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीत दोन सावल्या एकमेकींवर आणून जुळवायचो, त्यापेक्षा हे सोपं. आणि खरंही, कारण इथे भिंग जे बघतं तेच तुला दिसतं. तिथे खिडकी वेगळी होती, भिंग वेगळं, आणि खिडकीने 'जुळलं' म्हटलं की आपण विश्वास ठेवायचो. काळा रंग एका कोपऱ्यावर घासून आतलं पितळ दिसतं आहे, पण शटर जेमतेम अकरा हजार वेळा पडलेलं. भिंगांसाठी आट्यांची एक कडी मध्ये बसवावी लागते, तीही घेतली. एक लक्षात ठेव: कॅमेऱ्याला भिंग ओळखता आलं नाही तर तो फोटोच काढू देत नाही, रुसून बसतो. त्याला यादीत जाऊन सांगावं लागतं की भिंग नसलं तरी काढ. ते मी सांगून ठेवलं आहे. किंमत विचारू नकोस.

मग त्या बाई म्हणाल्या, 'भिंगं आणली आहेत का? लावूनच बघू.' मी तिन्ही नेली होती. तू दोनच मागितली होतीस, मग तिसरं का नेलं? कारण मला मोठेपणा करायचा होता, धाकटे. कपाटाची किल्ली चाळीस वर्षं माझ्याकडे, आणि आता मी उदार होऊन लिहिणार होते की, बाळ, नव्वदचंही ठेव तुझ्याकडेच, हळूहळू जमेल. 'हळूहळू जमेल' हे शब्दसुद्धा मी मनात ठरवून ठेवले होते. पस्तीसचं लावलं, खिडकीतून लांबच्या पाण्याच्या टाकीवर धरलं: टाकीवर चढायच्या शिडीच्या पायऱ्या मोजता आल्या. पन्नासचं लावलं: तसंच. नव्वदचं लावलं आणि बाईंनी कडी शेवटपर्यंत फिरवली. टाकी धुक्यात. परत आणली, परत नेली. खिडकीचे गज अगदी रेखीव, त्यावरच्या गंजाचे पापुद्रेसुद्धा दिसत होते, आणि टाकी धुक्यात. बाईंनी भिंग काढलं, दिव्याखाली धरलं, कानाशी नेऊन कडी फिरवली आणि म्हणाल्या, 'हे कोणीतरी उघडलं आहे. आणि तेही घरातल्या कोणीतरी. धंद्यातल्या माणसाने उघडलं असतं तर खूण केली असती.'

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, जणू मला ठाऊकच नाही. आतल्या आट्यांना एक तोंड नसतं, पाच-सहा असतात. भिंग ज्या तोंडातून सुटतं त्याच तोंडात परत घालावं लागतं. दुसऱ्या तोंडात घातलं तरी ते बसतं, गुळगुळीत फिरतं, आकडे थोडे इकडेतिकडे करून जुळवता येतात, संशयसुद्धा येत नाही. फक्त भिंग केसभर पुढे राहतं. जवळचं दिसतं, लांबचं कधीही स्पष्ट होत नाही, कितीही कसबी माणसाच्या हातात द्या. 'कोणाचा हा अडाणीपणा?' बाईंनी सहज विचारलं. आणि मी, सदुसष्ट वर्षांची, म्हटलं, 'कोण जाणे. फार जुनी गोष्ट आहे.'

तुला वाटेल, मला तिथे धक्का बसला असेल. मलाही तसंच वाटावं अशी माझी फार इच्छा होती. जिना उतरताना मी मनातल्या मनात तुला सांगत होते की, अगं, मला कल्पनाच नव्हती. पण वळणावर येईपर्यंत ते वाक्य तुटलं. म्हणून आता सरळ लिहिते.

त्या वर्षी अण्णांच्या हाताला कंप सुटला होता. दुरुस्तीची कामं माझ्याकडे आली आणि फोटोची तुझ्याकडे. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, 'थोरलीचे हात आणि धाकटीचे डोळे, माझं दुकान त्यावर चाललंय.' सगळे कौतुकाने माना डोलवायचे. मला मात्र वाटायचं, हात काय गड्यालाही असतात. मला वाटायचं, मला सिस्टरांच्या शाळेत घातलं, अक्षर चांगलं म्हणून अख्ख्या शाळेत फळ्यावर माझ्याकडूनच लिहून घ्यायचे, आणि शेवटी काय, तर मी स्क्रू पिळणारी. तू वीस वर्षांची होतीस. वर्तमानपत्राच्या संपादकांनी तुला सांगितलं होतं की रविवारी नव्या पुलाचं उद्घाटन आहे, पलीकडच्या काठावरून गर्दीसकट पूल टिपून आण, चांगला आला तर नोकरी पक्की. तू तीन रात्री झोपली नव्हतीस. आणि नव्वदच्या भिंगात आत जराशी वाफ धरल्यासारखी दिसत होती. अण्णांनी बजावलं होतं, 'त्याला कोणी हात लावायचा नाही, मला बरं वाटलं की मीच बघेन.'

गुरुवारी दुपारी अण्णा झोपले होते, आई शेजारी गेली होती, तू फिल्म आणायला बाहेर पडली होतीस. मी ते उघडलं. तुझं भलं व्हावं म्हणून उघडलं, हे खरं आहे. अण्णांना दाखवून द्यावं म्हणून उघडलं, हेही खरं आहे, आणि यातलं कुठलं जास्त खरं ते मला आजही सांगता येत नाही. आटे सुटतात त्या जागी सुईने ओरखडा काढायचा, हा अण्णांचा नियम. मला त्या चकचकीत पितळेवर ओरखडा काढवेना. विद्रूप वाटलं. मी पेन्सिलीने बारीक रेघ मारली, फळ्यावरच्या माझ्या अक्षरासारखी नीटस. मग आतलं सगळं स्पिरिटने पुसलं. सिस्टर शिकवायच्या की काम संपलं की टेबलावर आणि वहीवर एकही डाग दिसता कामा नये; मी इतकं स्वच्छ पुसलं की रेघही पुसून गेली. अंदाजाने जोडलं. लोण्यासारखं फिरलं. भिंगामागे घासलेली काच धरून तिच्यावर लांबचं स्पष्ट उमटतं का ते एकदा तपासायचं, हे दहा मिनिटांचं काम. पण आतून अण्णांचा खोकला ऐकू आला, आणि मी भिंग पुसून डबीत ठेवून दिलं.

पुढचं तुला पाठ आहे. छत्तीस फोटो, छत्तीसही फुकट. पूल म्हणजे राखाडी फराटा, माणसं म्हणजे मुंग्यांचा लोळ, आणि पुढच्या काठावरचं गवत मात्र असं की पात्यावरचं पाणी दिसावं. संपादक म्हणाले, मुलगी गुणी आहे, पण नजर कच्ची आहे. तू घरी आलीस, दारातच उभी राहिलीस, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, 'पूल टिपायला पाठवली होती, ही बया गवत कापून आली!' काका हसले, आई हसली, तूही हसलीस. पुढे कित्येक वर्षं तुला सगळे 'गवतवाली' म्हणायचे. ते नाव माझं. लोक म्हणायचे, थोरलीचं तोंड काय फाटकं आहे! मी ते शाबासकीसारखं घ्यायची.

आता जे कोणालाच ठाऊक नाही ते. तो विनोद करण्याआधी तासभर, तू फोटो घेऊन संपादकांकडे गेली होतीस तेव्हा, घरी राहिलेल्या तुझ्या निगेटिव्ह मी खिडकीशी धरून बघितल्या होत्या. हात हलला असता तर गवतही हललं असतं. डोळा चुकला असता तर एखाद्या फोटोत चुकला असता, छत्तीसही फोटोंत एकाच ठिकाणी नाही. दुरुस्तीच्या टेबलावर वाढलेल्या माणसाला हे कळायला क्षणभर पुरतो, आणि मला तेवढाच लागला. पेन्सिलीची रेघ डोळ्यांसमोर आली. मी ती दुसऱ्यांदा पुसली. आणि तू भिंगाबद्दल काही विचारायच्या आत सगळं घर हसण्यात गुंतावं म्हणून मी ते वाक्य बोलले. ते जिभेवरून निसटलं नव्हतं, धाकटे. ते मी तयार करून ठेवलं होतं.

एवढ्यावरही थांबले नाही. अण्णा पलंगावरून म्हणाले, 'तिच्या निगेटिव्ह आणा इकडे, मला बघू द्या.' त्यांनी एकदा बघितलं असतं की संपलं होतं. मी सांगितलं की तू रागाने फाडून टाकल्यास. तुझ्या नावावर सांगितलं. ते भिंतीकडे वळले. मग मी तिन्ही भिंगं कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं, अण्णांची वस्तू आहे, आणखी खराब व्हायला नको, असं म्हणून. तू एकदा विचारलं होतंस, 'ताई, नव्वदचं एक दिवस देशील? छतावरून पुन्हा करून बघते.' मी म्हटलं, 'कशाला? गवत काय छतावर उगवतं?' त्यानंतर तू विचारलं नाहीस. त्याच वर्षी अण्णा गेले. जाण्याआधी तुझा हात धरून म्हणाले होते, 'होतं असं, बाळ. सगळ्यांनाच सगळं जमत नाही.' मी त्यांच्या पायाशी उभी होते.

मग काही वर्षांनी तू परवाना कार्यालयात लागलीस. अर्जदारांचे फोटो काढायचे. एकतीस वर्षं. मी एकदा माझा परवाना बदलायला आले होते, आठवतं? मुद्दाम तुझ्या खिडकीला आले नव्हते, रांगच तशी लागली. स्टूल जमिनीला स्क्रूने पक्कं केलेलं, तुझा कॅमेरा तिपाईवर पक्का, आणि फरशीवर एक पिवळी रेघ, तिच्या पुढे कोणी यायचं नाही आणि मागे कोणी जायचं नाही. सहा फूट. सगळ्या माणसांपासून सहा फूट, रोज दीडशे वेळा. तू म्हणालीस, 'ताई, हनुवटी जरा खाली. इकडे बघ, माझ्याकडे नाही, भिंगाकडे.' रांगेत माझ्यामागचा माणूस घाई करत होता. तू मला रांगेतल्या कोणत्याही बाईसारखं वागवलंस, ना कमी ना जास्त. घरी येऊन मी तो परवाना बघितला. माझा इतका खरा फोटो कोणीही काढलेला नाही. एक कडवट, घाबरलेली बाई होती ती. जिची नजर कच्ची, तिला हे कसं दिसलं, असा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पडलाही होता. मी परवाना पाकिटात उलटा घालून ठेवला.

कारखान्यात मी किती भिंगं नापास केली असतील, देव जाणे. जोडणी विभागातली एक मुलगी एकदा रडत माझ्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, 'बाई, माझ्याकडून खूण करायची राहिली, चूक झाली.' मी तिला अर्धा तास फैलावर घेतलं. खूण न करता आटे सोडणं हा गुन्हा आहे, असं मी तिला सांगितलं. संध्याकाळी घरी येऊन व्यवस्थित जेवले. आपण माणसं कशी जगतो, हे मला आता विचारू नकोस.

आता हे पत्र का, ते सांगते. पाण्याच्या टाकीचं बघून झाल्यावर त्या दुकानातल्या बाई म्हणाल्या होत्या, 'अर्ध्या तासाचं काम आहे. करून देते. तुमच्या बहिणीला कळणारही नाही.' आणि मी 'द्या करून' म्हणून खुर्चीत बसलेसुद्धा. त्यांनी हत्यार काढलं, पहिला स्क्रू सैल केला. मी बघत होते. दुरुस्त भिंग तुला मिळालं असतं, तू लांबचं झाड टिपलं असतंस, ते स्पष्ट आलं असतं आणि तू म्हणाली असतीस, नव्या कॅमेऱ्याची कमाल! ताईने किती चांगला निवडला! आणि मी जन्मभर तुझी चांगली बहीण राहिले असते. तिसऱ्यांदा पुसायची ती रेघ माझ्यासमोर टेबलावर होती, आणि या वेळी पुसणारे हात माझे नव्हते, एवढाच फरक. मी म्हटलं, 'थांबा. तो अडाणीपणा माझा.' बाईंनी माझ्याकडे बघितलं, स्क्रू परत पिळला, आणि भिंग डबीत घालून माझ्या हातात दिलं. ते मी जसंच्या तसं पाठवते आहे, बाकीच्या दोघांबरोबर, कॅमेऱ्याबरोबर. पार्सल परवा पोचेल, पत्र त्याच्या आधी यावं म्हणून आजच टाकते. आधी पन्नासचं लाव आणि खिडकीतून तुला दिसेल ते सगळ्यात लांबचं बघ. मग नव्वदचं लाव आणि तेच बघ. कडी शेवटपर्यंत फिरव, घाई करू नकोस, तुझ्या डोळ्यांनी बघ. तुला लांबचं नेहमीच जमत होतं. दुरुस्तीसाठी त्या बाईंचा पत्ता डबीच्या झाकणात लिहिला आहे. कधी करायची, करायची की नाही, ते तू ठरव. माझं काय करायचं तेही तूच ठरव. मी फोन उशाशी घेऊन बसणार नाही, असं लिहिणार होते, पण आज एकही खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

तू अजून म्हणू देशील तर तुझीच,
ताई